दोऱ्याने मोजलेली सहल

धनराज शेजवळ यांच्या कचेरीतल्या टेबलाच्या उजव्या खणात एक दोरा असे. गोधडी शिवायचा, जाड, पांढरा, मेण लावलेला, एका टोकाला गाठ मारलेला. बावीस वर्षं तो त्या खणात होता आणि बावीस वर्षं जिल्ह्यातले पायी हिंडणारे झाडून सारे कर्मचारी त्याच्या नावाने बोटं मोडत होते. खातं कुठलं ते सांगायची गरज नाही. ज्यांना ठाऊक आहे ते ओळखतील, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांचं काही अडत नाही.

काम असं होतं. पेठ, सुरगाणा, इगतपुरी या बाजूचे कर्मचारी पाड्यापाड्यांवर पायी जात आणि महिनाअखेरीस आपण कोणत्या तारखेला किती किलोमीटर चाललो ते लिहून पाठवत, त्यावर त्यांचा भत्ता ठरे. तो कागद धनराजांच्या टेबलावर येई. धनराज तालुक्याचा नकाशा पसरत, मुख्य गावावर दोऱ्याची गाठ ठेवत, दोरा वाटेवाटेने वळवत पाड्यापर्यंत नेत, तिथे नखाने जागा धरत आणि मग दोरा पट्टीवर ताणत. कर्मचाऱ्याने अठरा लिहिलेले असले तर दोरा अकरा म्हणे. धनराज लाल शाईने अठरावर रेघ मारून अकरा लिहीत, सही करत आणि चहा मागवत. त्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. माणूस थकला की त्याला अंतर जास्त वाटतं आणि दोरा कधी थकत नाही, इतकी साधी त्यांची समजूत होती. ते स्वतः घरापासून सिटी बसच्या थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून कचेरीपर्यंत चालत. तेही त्यांनी एकदा मोजलं होतं. तीनशे चाळीस मीटर.

या दोऱ्याशी समोरासमोर भांडलेला एकच माणूस, लहानू भोये. पेठ तालुक्यात घरोघर जाऊन तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने गोळा करणं हे त्याचं काम. त्याचे तेवीस किलोमीटर दोऱ्याने चौदावर आणले तेव्हा तो एस.टी.ने नाशिकला आला, टेबलासमोर उभा राहिला आणि त्याने नकाशावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्या नकाशात डोंगर आडवा झोपल्याला हाय. आम्ही जातो तवा तो उठून बसल्याला असतो."

धनराजांनी हे लेखी द्यायला सांगितलं. भोयेने लेखी दिलं. त्यावर धनराजांनी 'नियमात तरतूद नाही' असा शेरा मारला आणि प्रकरण मिटलं.

म्हणजे मिटलं असं त्यांना वाटलं. पुढे भोये रिटायर झाला आणि त्याने मुलाच्या नोकरीच्या सोयीने सिडकोत घर घेतलं. ते नेमकं धनराजांच्याच इमारतीत, तळमजल्यावर. माणूस घर निवडू शकतो, वर कोण राहतो ते निवडू शकत नाही. आणि वरच्याला तर खालूनच जावं लागतं. तेव्हापासून रोज सकाळी धनराज जिना उतरले की ओट्यावर बसलेला भोये हात जोडून विचारी, "निघाले का भाऊसाहेब? आज किती किलोमीटर?" धनराज घड्याळ बघितल्यासारखं करत आणि वेग वाढवत.

सन दोन हजार दोनच्या मे महिन्यात ही कथा सुरू होते. सिंहस्थ वर्षावर आला होता आणि त्याच्या तयारीसाठी शहरातले बरेच रस्ते खणलेले होते. धनराजांची मुलगी पायल सातवीत चांगली पास झाली आणि तिला बापाने परीक्षेआधी दिलेलं वचन आठवलं: कसारा घाट उतरून गेल्यावर नवंच निघालेल्या आनंदसृष्टी नावाच्या उद्यानात न्यायचं. मोठमोठे पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, काळोखातली आगगाडी. थोरला सनी दहावीला बसलेला होता आणि निकाल लागायच्या आत जे काही भोगून घ्यायचं ते घ्यावं अशा विचाराचा होता. त्यामुळे दोन्ही मुलांचं प्रथमच एकमत झालं.

अडचण मोहिनीबाईंची होती. त्यांची उजवी टाच गेले वर्षभर दुखत होती. डॉक्टरांनी मऊ चप्पल दिली होती आणि एका दिवसात दोन किलोमीटरच्या वर चालायचं नाही असं बजावलं होतं. तेव्हा सहल होणार की नाही हे एकाच प्रश्नावर येऊन थांबलं. तिथे चालावं किती लागतं?

सोसायटीत हा प्रश्न पडल्यावर त्याला उत्तरं देणारे कमी नव्हते. कुणाच्या मेव्हण्याने सांगितलं होतं की काही चालावं लागत नाही, सगळं बसूनच आहे. कुणाच्या साडूला तिथून आल्यावर तीन दिवस जिना चढता आला नव्हता. एकाने कापूर घातलेलं खोबरेल न्यायला सांगितलं, दुसऱ्याने एक नंबर मोठे बूट. सोसायटीचे सेक्रेटरी सावळीराम निकम यांनी या गोंधळात संधी साधली आणि चाळीस आसनांची बस ठरवून सर्वांचीच सहल काढली. दोन दिवस, एक मुक्काम. त्यांनी उद्यानाचं रंगीत पत्रक वाटलं. त्यात नकाशा होता.

नकाशा म्हटल्यावर धनराजांचा हात आपोआप खणाकडे गेला. पण ते घरी होते. दुसऱ्या दिवशी ते कचेरीतून दोरा खिशात घालून घरी घेऊन आले. बावीस वर्षांत दोरा प्रथमच सरकारी आवाराबाहेर पडला.

नकाशावर प्रमाण दिलेलं नव्हतं. पण पत्रकात 'तीनशे मीटर लांबीचा नयनरम्य तलाव' असं छापलेलं होतं आणि नकाशात तो तलाव बरोबर सहा सेंटिमीटर भरत होता. म्हणजे एका सेंटिमीटरला पन्नास मीटर. धनराजांनी प्रवेशद्वारावर गाठ ठेवली, पाळण्यांकडून तलावाकडे, तलावाकडून घसरगुंड्यांकडे, तिथून आगगाडीला वळसा घालून परत प्रवेशद्वारापर्यंत दोरा फिरवला आणि पट्टीवर ताणला. छत्तीस सेंटिमीटर.

"एक किलोमीटर आठशे मीटर," त्यांनी जाहीर केलं. "डॉक्टरांच्या मर्यादेत. दोनशे मीटर हातचे."

मोहिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा नवऱ्याच्या स्वभावावर विश्वास नसला तरी आकड्यांवर होता. त्या तयार झाल्या.

हा आकडा संध्याकाळपर्यंत जिन्याने खाली उतरला. सातच्या सुमाराला भोये वर आला, दारातच उभा राहिला आणि ऐकलं ते खरं का असं त्याने विचारलं. धनराजांनी खरं असल्याचं सांगितलं. दोऱ्याने मोजलं का, असं त्याने विचारलं. धनराजांनी दोरा दाखवला. भोयेने तो ओळखला. जुना ओळखीचा हवालदार दिसावा तसा त्याचा चेहरा झाला.

"मग आम्ही दोघं पण येतो," तो म्हणाला. "दोऱ्यानं मोजल्यालं चालणं मी जल्मात चाललो नाय. एकदा चालून बघतो."

येण्यासाठी त्याची एक अट होती. जिथे भाऊसाहेब जातील तिथे तो बरोबर जाणार आणि पावलं मोजणार. दिवस संपल्यावर जो आकडा निघेल तो भाऊसाहेबांनी स्वतःच्या तोंडाने सर्वांसमोर सांगायचा. एक आठशे निघाला तर भोये जन्मात पुन्हा किलोमीटरचं नाव काढणार नाही.

"आणि जास्त निघाला तर?" धनराजांनी विचारलं.

"तर काय नाय. तुम्ही फकस्त बोलून दाखवायचं."

धनराज हसले. पण झोपताना त्यांच्या लक्षात आलं की दुसरी कोणतीही शिक्षा यापेक्षा बरी होती. एक आठशेचे दोन झाले तरी बावीस वर्षांच्या लाल शाईचं काय करायचं, हा प्रश्न होता.

सरकारी माणसाला निघण्याआधी मुख्यालय सोडण्याची परवानगी लागते. धनराजांनी अर्ज केला. तो 'गैरहजेरीच्या काळातील पत्ता नमूद करावा' असा शेरा मारून परत आला. त्यांनी आनंदसृष्टीचा पत्ता लिहिला. 'मनोरंजन उद्यान हे निवासस्थान होऊ शकत नाही, खुलासा करावा' असा शेरा आला. खुलासा केल्यावर 'सदर ठिकाण मुख्यालयापासून किती अंतरावर, नकाशासह' अशी मागणी आली. ही शेरे मारण्याची पद्धत धनराजांनीच शिकवलेल्या एका कारकुनाची होती. त्यामुळे रागावता येईना आणि कौतुकही करवेना. त्यांनी दोरा काढून अंतर मोजलं आणि परवानगी शुक्रवारी पाच वाजता मिळाली.

शनिवारी पहाटे बस मुंबई नाक्यावरून निघाली. एक किलोमीटर आठशे मीटरला बुटांची काय गरज, म्हणून धनराजांनी कॉलेज रोडवरून घेतलेल्या नव्या कोऱ्या सँडल घातल्या होत्या. भोयेच्या पायात टायरच्या चपला होत्या. त्याच्या सदऱ्याच्या उजव्या खिशात चिंचोके खुळखुळत होते. पद्धत त्याने बसमध्ये सर्वांना समजावून सांगितली. शंभर पावलांना बोटाचं एक पेर, पाच बोटांची पंधरा पेरं झाली की एक किलोमीटर, आणि किलोमीटरला एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. नोकरीभर तो असंच मोजत आला होता. बोलता बोलता, विडी ओढता ओढता, पावसात. निकमांनी विचारलं, एक आठशेला इतके मूठभर चिंचोके कशाला?

"दोनच घेतले व्हते," भोये म्हणाला. "बाकीचे विठाबाईनं टाकले. म्हनली, राहू द्या, खिशाला जड नाय."

विठाबाई, म्हणजे भोयेची बायको, खिडकीतून घाटाकडे बघत होत्या.

पहिली चूक बसमधून उतरल्याबरोबर धनराजांच्या लक्षात आली. नकाशा प्रवेशद्वारापासून सुरू होत होता, बस मात्र प्रवेशद्वारापाशी थांबत नव्हती. बसगाड्यांचा तळ लांब, एका उघड्या माळावर होता. तिथून दोरी बांधलेल्या रस्त्याने, कागदी झेंड्यांखालून, मेमधल्या उन्हात माणसं चालत होती. प्रवेशद्वाराशी पोचलं तेव्हा भोयेने निवांतपणे एक चिंचोका डाव्या खिशात टाकला.

धनराजांनी हरकत घेतली. हे उद्यानाच्या बाहेरचं चालणं होतं, ते धरता येणार नाही. भोयेने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कचेरीपासून पाड्याच्या वेशीपतोर तुम्ही धरत व्हता का नव्हता?" धरत होते. हरकत मागे घेतली गेली.

प्रवेशद्वारावर पहारेकऱ्याने पिशव्या तपासल्या आणि मोहिनीबाईंच्या पिशवीतल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं आत नेता येणार नाही असं सांगितलं. टाकून द्या किंवा गाडीत ठेवून या. चाळीस माणसांचं जेवण टाकून द्यायची सूचना ऐकून सोसायटीतल्या बायकांनी पहारेकऱ्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला. पण नियम हा नियम. धनराजांनी आजवर हेच वाक्य पलीकडच्या बाजूने उच्चारलेलं होतं. डबे पोचवायला पुरुषांपैकी कोण जाणार असा प्रश्न आला आणि निकमांनी, ज्यांना अंतराची भीती नाही अशा माणसाकडे बोट दाखवलं. धनराज डबे घेऊन बसपर्यंत गेले आणि परत आले. भोये बरोबर होता. उद्यानात पाऊल टाकण्याआधी डाव्या खिशात तीन चिंचोके होते.

दुसरी चूक तलाव होती. तलाव खरोखरच तीनशे मीटर लांब होता, त्यात फसवणूक नव्हती. फसवणूक बाकीच्या सगळ्यात होती. चित्रकाराला बदकं काढायची हौस असावी. त्यांना जागा व्हावी म्हणून त्याने तलाव ऐसपैस काढला होता आणि उरलेलं उद्यान कडेकडेला दाबून बसवलं होतं. नकाशात तलावाला खेटून असलेले पाळणे प्रत्यक्षात एका टेकाडापलीकडे होते. आगगाडी, जी करंगळीभर अंतरावर होती, ती विचारत विचारत जावं लागावं इतकी लांब निघाली. आणि तलावात बदक एकही नव्हतं.

तिसरी चूक रांगेची. रांगेत माणूस उभा राहतो, चालत नाही, असं धनराजांचं मत होतं. पण काळोखातल्या आगगाडीची रांग लोखंडी कठड्यांमधून नांगरटीसारखी आडवी जात होती, टोकाला वळत होती, परत येत होती. पाऊण तास माणसं सारखी चालत होती आणि जिथून निघाली त्याच्यापासून वीस हातांवर होती. दोऱ्याच्या हिशेबाने हे अंतर नऊ मीटर. भोयेच्या पेरांच्या हिशेबाने अर्धा किलोमीटर. आगगाडीत बसायला मिळालं ते दोन मिनिटं, आणि त्यातही काळोख असल्याने सनीला ती नीट दिसली नाही. म्हणून तो पुन्हा रांगेत गेला. पायलला मात्र उद्यानाच्या दुसऱ्या टोकाची घसरगुंडी हवी होती. मुलांचं एकमत संपलं ते नेमकं इथे, दोन टोकांच्या मधोमध, आणि बाप दोघांच्या मध्ये ये-जा करू लागला.

मोहिनीबाई साडेअकरालाच तलावाकाठच्या बाकावर बसल्या होत्या. टाच सुजली होती. त्यांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर धनराजांना बरं वाटलं असतं. विठाबाई त्यांच्या शेजारी खाली बसून त्यांची टाच मांडीवर घेऊन दाबत होत्या.

"अहो," मोहिनीबाई म्हणाल्या, "तुमचे दोनशे मीटर हातचे होते ना? तेवढे द्या आता. मला त्या झाडाच्या सावलीत जायचंय."

भाऊसाहेब मानी होते. त्यांनी ठरवलं की बायकोला एक पाऊलही चालू द्यायचं नाही. उद्यानात बॅटरीवर चालणारी छोटी गाडी फिरत होती आणि तिच्यावर 'चालू न शकणाऱ्यांसाठी' असं लिहिलेलं होतं. त्यांनी ती हात करून थांबवली. चालक म्हणाला, प्रथमोपचार केंद्राची चिठ्ठी आणा. केंद्र घसरगुंड्यांच्या मागे होतं. धनराज तिथे गेले. तिथल्या मुलीने नम्रपणे सांगितलं की चिठ्ठी देण्याआधी रुग्णाला तपासावं लागतं, रुग्णाला घेऊन या. रुग्णाला चालता येत नाही, म्हणूनच चिठ्ठी हवी आहे, असं धनराज म्हणाले. चालता येत नाही हे तपासल्याशिवाय कसं कळणार, असं ती म्हणाली. मग रुग्णाला आणायला गाडी द्या. गाडीला चिठ्ठी लागते.

त्या मुलीचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या कचेरीत ती फार पुढे गेली असती.

ते परत आले, मोहिनीबाईंचा डॉक्टरांनी लिहिलेला जुना कागद घेऊन पुन्हा गेले, त्यावर शिक्का नाही म्हणून परत पाठवले गेले, आणि चौथ्या खेपेला त्या मुलीची जेवणाची सुट्टी झाली. भोये प्रत्येक खेपेला एक पाऊल मागे, हात मागे बांधून, न बोलता चालत होता. त्याच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेश नव्हता. तो फक्त मोजत होता, आणि तेच फार जाचक होतं. अखेरीस विठाबाईंनीच मोहिनीबाईंना खांद्याचा आधार देऊन सावलीत नेलं. पंचेचाळीस पावलं. ती भोयेने धरली नाहीत, कारण ती भाऊसाहेबांची नव्हती.

याच खेपांमध्ये कधीतरी धनराजांच्या नव्या सँडलने दोन्ही टाचांना फोड आणले. फोड फुटले. मग उजव्या सँडलचा पट्टा तुटला. तापलेल्या फरशीवर ते एका पायावर उभे राहिले. भोयेने खाली वाकून पट्टा पाहिला.

"भाऊसाहेब, दोरा हाय का?"

दोरा होता. पडताळणीसाठी त्यांनी तो बरोबर आणला होता. भोयेने सँडल मांडीवर घेतली, दोरा चार पदरी केला आणि पट्टा असा बांधून दिला की एखाद्या चांभारानेही मान डोलवावी. बावीस वर्षं लोकांच्या पायांचा हिशेब ठेवणारा दोरा त्या दिवशी पहिल्यांदा चालला.

दुपारी तीनला सगळी सोसायटी पाण्यात उतरली. भोयेलाही मुलांनी ओढलं. त्याने सदरा काढून घडी केली आणि तो कपडे राखत बसलेल्या धनराजांच्या शेजारी ठेवला. डावा खिसा वर होता.

धनराजांनी फक्त मोजायचं ठरवलं. हात घातला. नऊ. त्यांनी पुन्हा मोजलं. नऊच. समोर पोरं ओरडत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. दोऱ्याच्या माणसाने आयुष्यात दुसऱ्याच्या आकड्यावर रेघ मारलेली होती, पण ती लाल शाईने, सही करून. चोरून खाडाखोड कधी केली नव्हती. तरीही त्यांच्या बोटांनी तीन चिंचोके उचलले आणि उजव्या खिशात टाकले. सहा उरले. सहा हा काही एक आठशे नव्हता, पण सहाकडे निदान मान वर करून बघता आलं असतं.

दोन मिनिटं गेली. धनराजांना घाम फुटला. त्यांनी घाईघाईने हात घालून चिंचोके परत डाव्या खिशात टाकले आणि सदऱ्याची घडी नीट केली. जरा शांत वाटलं. मग त्यांच्या मनात आलं, परत टाकले ते तीन की चार? पुन्हा मोजायला हात पुढे केला, तोवर भोये अंग पुसत आला होता.

संध्याकाळी सहाला तोच माळ, तेच कागदी झेंडे. धनराज उजव्या पायात दोरा बांधलेली सँडल आणि डाव्या पायात मुलीची रबरी चप्पल घालून बसपर्यंत पोचले. मोहिनीबाईंना शेवटी बॅटरीच्या गाडीनेच आणलं. चालकाने विठाबाईंकडे एकदा पाहिलं आणि चिठ्ठी मागितली नाही. सगळे बसले. निकमांनी टाळ्या वाजवून शांतता केली. हे व्हायला नको होतं असं धनराजांना वाटत होतं, पण सर्वांसमोर सांगायचं असंच ठरलेलं होतं.

भोयेने डावा खिसा सीटवर रिकामा केला. पायलने मोजले. चौदा.

बसमध्ये हशा उठला. भोये हसला नाही. त्याने चिंचोके बोटाने पसरले, मनाशी काही पुटपुटला आणि त्यातला एक उचलून खिडकीतून बाहेर टाकला.

"तेरा," तो म्हणाला. "मी तोंडी पण धरत असतो. तोंडी तेरा हायेत. ह्यो एक कुठनं आला कोन जाणे. जास्तीचं सांगायची आपल्याला सवय नाय, भाऊसाहेब."

धनराजांना आठवलं की तेवीस किलोमीटरचा तो कागदही याच माणसाने, असंच मोजून लिहिलेला होता. ते उठले. एका हाताने वरची दांडी धरली.

"तेरा किलोमीटर," ते म्हणाले. त्यांना वाटलं पुरे झालं, पण झालं नव्हतं. "पायी. माझा आकडा चुकला."

"नोंद झाली," निकम म्हणाले.

"माझ्या टाचेचे वेगळे," पुढच्या सीटवरून मोहिनीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीचं तिकीट सर्वांनी काढलेलं होतं आणि मुक्कामाच्या खोल्यांतून कोणीही हललं नाही. चाळीस माणसांपैकी अडतीस माणसं बादल्यांत पाय बुडवून बसली. निकम स्वतः खुर्चीवरून सूचना देत होते. उद्यानात दोघंच गेली, भोये आणि विठाबाई. पैसे भरलेत तर एक फेरी मारून येऊ, असं म्हणून. दुपारी परत येताना विठाबाईंनी मिठाचं गरम पाणी मागून आणलं आणि बादली धनराजांपुढे ठेवली.

"भाऊसाहेब," त्या हळूच म्हणाल्या, "तीन काढले व्हते तुम्ही. ठेवताना चार ठेवले. मी तुमच्या मागं, चपलांच्या ढिगापाशीच बसले व्हते."

धनराजांचे कान तांबडे झाले. भोयेला ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं.

"त्याला कशाला सांगू? त्याचं त्याला मोजता येतं की."

सोमवारी भाऊसाहेब चपला घालून कचेरीत गेले. घर ते थांबा आणि थांबा ते कचेरी मिळूनचं तीनशे चाळीस मीटर अंतर त्या दिवशी किती भरलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. टेबलावर कागद आलेले होते. सर्वांत वर सुरगाण्याच्या एका नव्या आरोग्य सेविकेचा. तृप्ती नावाच्या या मुलीने एका पाड्यापर्यंतचे सतरा किलोमीटर लिहिले होते.

त्यांनी नकाशा पसरला. खण उघडला. दोरा परत आलेला होता, पण तो आता पांढरा नव्हता. चार ठिकाणी चुरगळलेला, चामड्याचा काळा रंग लागलेला, एका जागी रक्ताचा डाग. त्यांनी गाठ गावावर ठेवली, दोरा वाटेने वळवत नेला आणि पट्टीवर ताणला. अकरा. दोन वेळा मोजलं. अकराच.

लाल पेन हातात घेऊन भाऊसाहेब बराच वेळ बसले. शेजारच्या टेबलावरच्या, त्यांनीच शेरे मारायला शिकवलेल्या कारकुनाने चहाचं विचारलं, ते त्यांना ऐकू आलं नाही. आपण नियमाबाहेर गेलो असं वरिष्ठांना वाटू नये, आणि पोरीचं एकही पाऊल कापलं जाऊ नये, असं वाक्य त्यांना हवं होतं. त्यांना ते सापडलं तेव्हा त्यांनी पेन बदललं आणि निळ्या शाईने, नेहमीच्या सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला:

'दोऱ्यानुसार अकरा. डोंगर उभा धरल्यास सतरा. डोंगर उभा असल्याची या टेबलास खात्री आहे. मंजुरीस हरकत नाही.'

सही केली. तारीख घातली. मग दोऱ्याची घडी करून त्यांनी तो खणात ठेवला, आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर जिन्याकडे न वळता ओट्याशी थांबले.

"निघाले का भाऊसाहेब?" भोयेने सवयीने सुरुवात केली आणि मग वेळ लक्षात येऊन थांबला. "आले का?"

"आलो," धनराज म्हणाले आणि ओट्याच्या कडेवर टेकले. "तीनशे चाळीस धरून होतो. जरा जास्तच असावं."